आधी कुठली नाकपुडी

या, असे जवळ येऊन बसा. दाराशी उभं राहून बोलू नका, मला हल्ली लांबचं कमी ऐकू येतं. आणि आल्यापासून दोनदा नाक ओढलंत, एकदा पाठ फिरवून खिशातली बाटली नाकात पिळलीत. मला दिसलं नाही असं वाटलं की काय? अहो, औषधाच्या दुकानात उभं आयुष्य गेलं माझं. पाठ फिरवलेला माणूस काय करतो ते मला त्याच्या खांद्यांवरून कळतं. किती दिवस चाललंय हे? आणि "दोन-चार दिवस" म्हणू नका, सगळे तेच म्हणतात. तुमच्या बाटलीवरचं नाव बोटांनी पुसून गेलंय, दोन-चार दिवसांत पुसत नाही ते. शहाणीसुरती माणसं तुम्ही, दिवाळी अंक विकत घेऊन वाचणारी, आणि नाकाच्या बाबतीत असा लहान मुलासारखा हट्ट. ठेवा ती बाटली आत आणि मी सांगते ते ऐका.

माझं नाव फिलोमिना, पण बाजारात मला फिलूबाय म्हणतात. माहेर बांद्याचं, सासर इथलं, मालवणजवळचं. शाळा सातवीपर्यंत. नवरा जहाजावर, वर्षातून एकदा घरी. मग मी बाजारातल्या मेडिकलमध्ये कामाला लागले, ते झाडलोट करायला. मालक शिकलेले फार्मासिस्ट, भला माणूस, पण त्यांना गिऱ्हाइकाशी बोलायचा कंटाळा. आणि मला तर बोलण्याशिवाय अन्न पचत नाही. तेव्हा हळूहळू कामाची वाटणी होत गेली. चिठ्ठी वाचून औषध काढायचं त्यांनी, आणि ते जेवणाआधी की जेवणानंतर, दुधाबरोबर की पाण्याबरोबर, हे पटवायचं मी. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो, मुंगीएवढ्या अक्षरांचा. लोक तो पहिल्यांदा फेकून देतात. मी गोळा करून घरी न्यायचे, भिंगाखाली धरून वाचायचे, अडलं की दुसऱ्या दिवशी मालकांना छळायचे. माझी बहीण गोव्याला मोठ्या इस्पितळात नर्स होती, ती नाताळला आली की तिला छळायचे. झालं माझं कॉलेज.

तुम्हांला वाटतं, औषधाचं दुकान म्हणजे गंभीर जागा. एक दिवस काउंटरमागे उभे राहून बघा. आमच्याकडे कोणी औषध नावाने मागत नाही. "तो निळ्या टोपणाचो दी." "माझ्या भावजयीन गेल्या पावसात न्हेल्यान, ता दी." भावजय कोण, तिला काय झालं होतं, हे मला तोंडपाठ असावं अशी अपेक्षा, आणि खरं सांगायचं तर असायचंही. एका तांडेलाने, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याने, नाकाचे थेंब कानात घातले आणि गुण येत नाही म्हणून भांडायला आला. मी विचारलं, कान दुखत होता का? म्हणाला, "नाय गो. पण नाकाक इतक्या बरा वाटला, म्हटलंय कानान काय घोडा मारल्यान?"

तर ते नाकाचे थेंब. दुकानात इतकी औषधं, पण माझा जीव खाल्ला तो ह्या बोटभर बाटलीने. नाव मोठं आहे, झायलोमेटाझोलिन, नाहीतर त्याचा भाऊ ऑक्सिमेटाझोलिन. नाव घेताना मालकांचीही जीभ अडखळायची. पण काम एकदम साधं. आपल्याला वाटतं, सर्दीत नाक शेंबडाने बंद होतं. अर्धंच खरं आहे ते. नाकाच्या आत नाजूक अस्तर असतं आणि त्यात बारीक बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. सर्दी झाली की त्या रक्ताने टम्म भरतात, अस्तर फुगतं, आणि हवेची वाट बंद. आता ह्या वाहिन्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात आणि त्या स्नायूंवर अल्फा नावाच्या जागा असतात. थेंब नाकात गेला की नेमका तिथे जाऊन दार ठोठावतो. स्नायू आवळतात, वाहिनी आकसते, रक्त मागे हटतं, अस्तर बसतं, नाक उघडतं. दहा मिनिटांत माणूस "हाऽ" करतो. सर्दी होती तिथेच असते हां. ती आपल्या दिवसांनीच जाते. थेंबाने फक्त वाट उघडली.

हा आवळणारा गडी एकटा नाही, मोठं खानदान आहे त्याचं. त्यातला फिनाइलएफ्रिन सर्दीच्या गोळीत असतो; तोंडाने घेतला तर त्याचा कितपत उपयोग होतो ह्यावर शिकलेल्या लोकांतच वाद आहे. पण तोच डोळ्यांचे डॉक्टर डोळ्यात घालतात, बाहुली मोठी करून आतला पडदा बघायला. माझी बहीण सांगायची, सिझरच्या वेळी पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं की बाईचं प्रेशर घसरतं, तेव्हा तोच शिरेतून देऊन प्रेशर वर आणतात. काही मूळव्याधीच्या मलमांतही तो असतो. म्हणजे बघा, वरपासून खालपर्यंत एकच नोकरी: जिथे जाईल तिथे आवळायचं. आमच्या ग्रामपंचायतीत नळ सोडणारा माणूस आहे, त्याची आठवण येते मला. तोही फक्त बंद करण्यात वाकबगार आहे.

पण आवळणाऱ्याची एक गोम आहे, आणि सगळी रामकथा तिथेच सुरू होते. एखाद्याचं दार तुम्ही दिवसरात्र ठोठावत राहिलात तर आतली माणसं उठायचीच बंद होतात. तसंच इथे. तीन दिवस, फार तर पाच दिवस थेंब घाला, ठीक. पुढे गेलात की अल्फाच्या जागा ऐकेनाशा होतात, आणि थेंबाचा अंमल उतरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. म्हणजे सर्दी गेली, पण नाक बंदच. माणसाला वाटतं, सर्दी जुनी आहे. तो आणखी थेंब घालतो. आता नाक सर्दीने बंद नसतं, थेंबाने बंद असतं, आणि उघडतं तेही थेंबानेच. ह्याच्याइतकं इमानी गिऱ्हाईक कुठल्याच धंद्यात मिळत नाही.

आमच्या गावात अशी दोन इमानी गिऱ्हाइकं होती. तात्या आणि त्यांचे चुलतभाऊ सदामास्तर.

तात्या म्हणजे आमच्या गावचं गाऱ्हाणं घालणारं घर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे जत्रेच्या दिवशी ओट्या भरण्याआधी गावचा मानकरी देवापुढे उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो. घरातल्या थोरल्याशी बोलावं तसं, थोडं विनवून, थोडं दटावून. दर वाक्याला जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात, म्हणजे अर्जावर सगळ्यांची सही झाली. मी ख्रिश्चन, पण लहानपणापासून गाऱ्हाण्याला उभी राहिलेय. आमच्या गावात ते विचारत नाही कोणी. तात्यांची ख्याती त्यांच्या श्वासाची. एका दमात ते होडीवरची माणसं, गोठ्यातली जनावरं, मुंबईची पोरं, आखातातली पोरं, लग्नाच्या मुली, आंब्याचा मोहोर आणि विजेच्या तारा, एवढं सगळं देवाच्या पदरात घालत. "व्हय म्हाराजा" म्हणायला माणसं तोंड उघडून वाट बघत राहायची. तात्यांना त्याचा अभिमान होता. थोडा जास्तच होता.

एका भातकापणीला कुसळांनी, धुळीने त्यांचं नाक चोंदलं. डॉक्टरांनी थेंब दिले, पाच दिवस म्हणून सांगितले. तात्यांनी ते मोठ्या श्रद्धेने पुढे चालू ठेवले. एक बाटली उशाशी, एक स्कूटरच्या डिकीत, एक भाताच्या कणगीवर आणि एक देव्हाऱ्यात, गंगाजलाच्या गडूशेजारी. वहिनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, मला म्हणाल्या होत्या, "फिलू, एक दिवस गडबडीत देवाच्या तोंडात ह्या घालतले आणि तुळशीपत्र सोताच्या नाकात."

सदामास्तर निवृत्त शिक्षक. तालुक्यात कुठेही व्यसनमुक्तीचं भाषण असलं की वक्ते तेच. तंबाखू, दारू, मोबाईल, सगळ्यांवर तुटून पडत. आणि भाषणाआधी चष्मा पुसायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकून दोन थेंब इकडे, दोन थेंब तिकडे. बाटली मागताना नेहमी बायकोचं नाव सांगत. त्यांची बायको समोरच्या दुकानात नारळ निवडत असायची, नाक कसं चकचकीत कोरडं. मी बाटली कागदात गुंडाळून देई आणि घरच्यांना सांभाळा म्हणे. दुकानात जे कळतं ते दुकानातच ठेवायचं असतं. ते बाहेर गेलं की दुकान गेलं.

तर तात्यांना चक्कर आली म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा प्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी खिशाचा फुगवटा बघून विचारलं, हे काय? बाटली बाहेर आली. डॉक्टर तरुण आहेत, पण माणसांना ओळखून आहेत. त्यांनी ओरडा केला नाही. नीट बसवून सांगितलं की हे औषध थोडं थोडं रक्तात उतरतं आणि तिथेही आपलं आवळायचंच काम करतं. तुमच्या प्रेशरला ह्याची सोबत परवडायची नाही. काचबिंदूवाले, प्रोस्टेटने लघवी अडणारे, लहान मुलं, ह्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये. सोडायची पद्धतही सांगितली: दोन्ही बाजू एकदम बंद करवत नसतील तर आधी एका नाकपुडीचे थेंब थांबवा. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, सूज उतरवणारा दुसरा फवारा देतो तो नेमाने मारा. तो सावकाश काम करतो, धीर धरा. ती बाजू मोकळी झाली की दुसरी. काही आठवडे त्रास होईल, मग तुमचं नाक तुम्हांला परत मिळेल.

तात्या म्हणाले, जत्रा झाली की सोडतो.

आता हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल. गणपती झाले की, लग्न झालं की, आंबा उतरला की. आमच्याकडे सणांची काय कमी? पण ह्या खेपेला तात्यांचं घोडं खरंच अडलं. देवदिवाळीचं छोटं गाऱ्हाणं होतं, त्यात थेंब घालूनसुद्धा नाक अर्ध्यावर मिटलं. थेंबांचा अंमल आता तासभरही टिकेना. "बा देवा म्हाराजा" असं सुरू झालेलं वाक्य लग्नाच्या मुलींपर्यंत पोचलंच नाही. मागे दोन-चार जण हसले. आणि सदामास्तर देवळाच्या पायरीवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाले की मान हा घराचा नसतो, जबाबदारीचा असतो. चार दिवसांत भावकी बसली. ठरलं असं: माघाच्या जत्रेला तात्यांनी गाऱ्हाणं धड घातलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून मान सदामास्तरांच्या घरात. आणि मान एकदा उठला की परत येत नाही, हे तुम्हांला गावातल्या कोणीही सांगेल.

तात्या दुसऱ्या दिवशी दुकानात आले. चेहरा उतरलेला. एरवी दारातून आवाज देणारा माणूस, पण काउंटरवर दोन्ही हात टेकून नुसता उभा.

"फिलूबाय, बापाशीन मरताना माझो हात धरून देवाक सांगल्यान, आता ह्यो बोलतलो. आता माझ्या नाकापायी ता जातला."

मालक आतून बाहेर आले. त्यांनी बाटली दिली नाही. तात्या निघाले आणि पुढच्या एस.टी.ने तालुक्याच्या गावी जाऊन घेऊन आले. माझ्या धंद्याचं हे दुखणं आहे बघा. आमच्याकडे सगळं मिळतं, पण "नको" विकता येत नाही. त्याला किंमत नाही, त्याची पट्टी नाही, आणि फुकट दिलं तर कोण घेतो?

वहिनी आल्या त्या संध्याकाळी, लसणाची जुडी पिशवीत घेऊन. बाई कमी बोलणारी, पण बोलली की ठाम. म्हणाल्या, हे डॉक्टरांचं ऐकणार नाहीत, माझं तर कधीच ऐकलं नाही, ऐकतील ते फक्त देवाचं. तेव्हा कौल लावायचा.

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारायचा. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि सगळे बघत राहतात. उजवी पडली तर देव हो म्हणतो, डावी पडली तर नाही. आमच्याकडे लग्न, विहीर, जमीन, काहीही त्याशिवाय हलत नाही. मी घाबरून म्हटलं, वहिनी, आणि डावी पडली तर? मग जन्मभर थेंब घालायला देवाची परवानगी मिळेल त्यांना.

वहिनी हसल्या. "गो, सोडू काय नको, ह्या देवाक इचारूचाच नाय. आधी खंयची सोडू, ता इचारूचा."

म्हणजे आधी कुठली नाकपुडी, उजवी की डावी. उभ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकांना हेच करत आलेय. खोकल्याचं औषध घेणार का, असं विचारलं की माणूस नको म्हणतो. साखरेचं देऊ की बिनसाखरेचं, असं विचारलं की तो विचारात पडतो. पण ही कळ थेट देवावर चालवायची हिंमत वहिनींचीच. मी म्हटलं, देव रागावणार नाही? तर म्हणाल्या, देवालाही इतकी वर्षं एकाच दमात ऐकायचा कंटाळा आला असेल.

कौलाच्या दिवशी मी देवळाच्या अंगणात उभी होते, आतलं वहिनींनी सांगितलं. गुरवाने प्रश्न नीट मांडला: आधी उजवी नाकपुडी मोकळी करायची असेल तर उजवी पाकळी दे, आधी डावी असेल तर डावी. गुरवाला हसू आवरत नव्हतं, पण त्याने इमाने इतबारे विचारलं. पाकळ्या बराच वेळ हलेनात. हवेत दमटपणा होता. मग डावी टपकन पडली.

तात्यांचा चेहरा उजळला. गर्रकन वळले आणि म्हणाले, "डावो कौल. देव नको म्हणता. सोडूचा नाय."

"तुमी सोडू काय नको, ह्या इचारूक नाय," वहिनी म्हणाल्या. "तुमी खंयची, ता इचारलात. देवान डावी सांगितल्यान. आता देवाशी वाद घालतलात?"

जमलेल्यांत दोन पक्ष पडले. डावा कौल म्हणजे नकार, तो कुठल्याही प्रश्नाला नकारच, असं एक म्हातारे म्हणू लागले. दुसरे म्हणाले, मग डाव्या नाकपुडीलाही नकार, म्हणजे थेंबांना नकार, म्हणजे शेवटी तेच. सदामास्तर तिथे होते. त्यांनी शाळेत शिकवल्यासारखं शांतपणे सांगितलं की पर्याय दिल्यावर उत्तर पर्यायातच असतं. त्यांच्या मनात काय हिशोब होता तो मी ओळखला: आता थेंब सोडायला घेतले तर जत्रेच्या दिवशी तात्या अर्ध्याच नाकाचे असतील. पण तर्क बरोबर होता. गुरवाने मान हलवली. तात्यांनी देवापुढे डोकं टेकलं आणि डाव्या नाकपुडीचे थेंब त्या दिवसापासून बंद.

पुढचे दिवस त्या घराचे कसे गेले ते विचारू नका. डावी बाजू पार दगड झाली. तात्या बसून झोपायचे, तोंड उघडं टाकून. मिठाचं पाणी डाव्या नाकपुडीत ओतलं की कुंपणापलीकडची गुरं दचकत. स्वभाव तर असा झाला की पोस्टमन पत्रं शेजारी देऊन जाई. उजवीच्या थेंबांची बाटली वहिनींच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात. दुपारी एकदा तात्या माझ्याकडे आले, नवी बाटली मागितली. म्हटलं, कुठल्या बाजूला? म्हणाले, उजव्या. म्हटलं, उजवीची तर वहिनींकडे आहे. ह्यावर स्वतःच हसले, आणि त्या हसण्यात डाव्या बाजूने एक बारीक शिटी वाजली. मी म्हटलं, तात्यानू, ऐकलात? हवा येता. लहान मुलाला दात आल्यासारखे खूश होऊन ते घरी गेले.

पण शिटी म्हणजे नाक नव्हे. जत्रेच्या सकाळी उजवीत थेंब, डावीत अर्धी शिटी, असे तात्या देवापुढे उभे राहिले. धोतर, उपरणं, हात जोडलेले. गाव सगळा आलेला. मुंबईची पोरं मोबाईल उचलून शूटिंगला तयार, कारण काहीतरी बिघडणार हे सगळ्यांना कळलेलं. सदामास्तर दुसऱ्या ओळीत, नवा सदरा. गर्दीच्या मागून मी पाहिलं, सुरू व्हायच्या आधी ते खांबाआड गेले, खांदे वर झाले, मान मागे गेली. मी नजर वळवली.

तात्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज सालाबादप्रमाणे ही तुझी लेकरां तुझ्या दारात उभी रवली आसत." इथवर ठीक. मग जुनी सवय, मोठं वाक्य उचललं. होडीवाले आले, गोठ्यातली जनावरं आली, मुंबईची पोरं आली, आणि आखाताच्या वेशीवर श्वास संपला. नुसता संपला. तोंड उघडं, हात जोडलेले, आणि शब्द नाही. सदामास्तरांनी एक पाऊल पुढे टाकलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने एकच आवाज आला. स्वच्छ, घाई नसलेला. "व्हय म्हाराजा."

वहिनी होत्या. आमच्याकडे बायका "व्हय म्हाराजा" म्हणतात, पण पुरुषांच्या मागून. पहिला आवाज कधी बाईचा नसतो. मग जुन्या सवयीने सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." आणि त्या एवढ्याशा वेळात तात्यांना दम घ्यायला मिळाला.

त्यांनी वळून पाहिलं नाही. पण कळलं त्यांना. पुढचं वाक्य लहान केलं. "आखातात जे कोण आसत, त्यांका सांभाळ." व्हय म्हाराजा. "घरात जी म्हातारी वाट बघता, तिका बळ दी." व्हय म्हाराजा. "जी चेडवां लग्नाची आसत, त्यांका मनासारखो घोव दी, आणि नसात करूचा तर त्यांका सुखात ऱ्हवांदी." इथे मागच्या मुलींनी इतक्या जोरात व्हय म्हटलं की गुरव दचकला. पहिल्यांदाच असं झालं की देवाकडे काय मागतोय ते प्रत्येकाला नीट कळत होतं, आणि एकेका मागणीला गाव मनापासून सही करत होता. विजेच्या तारांपाशी पोचेपर्यंत म्हातारी माणसं डोळे पुसत होती. शेवटी तात्यांनी हात वर केले आणि म्हणाले, "माझ्या घशाक आणि नाकाक जमला तितक्या सांगलंय. उरल्यासुरल्या तुका ठाऊक आसा."

मान कुठे गेला नाही. भावकीने विषयच काढला नाही. ते एका दमाचं गाऱ्हाणं लोक विसरलेसुद्धा. आता आजूबाजूच्या गावांतली माणसं ऐकायला येतात, छोट्या वाक्यांचं म्हणून. सदामास्तर पुढच्या आठवड्यात दुकानात आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच बायकोचं नाव न घेता मला विचारलं की मिठाचं पाणी नेमकं कसं बनवायचं. मी सांगितलं: उकळून कोमट केलेलं पाणी, आणि त्यात मीठ किती ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. त्यांनी आपल्या भाषणात अजून हा विषय घेतलेला नाही.

तात्यांची डावी बाजू जत्रेनंतर पंधरवड्याने पुरती उघडली, मग उजवीचे थेंब सोडले. दुसऱ्या खेपेला त्रास निम्मा, कारण एका वाटेने हवा येत होती. आणि फाल्गुनात एका सकाळी वहिनी दुकानात आल्या, केसांत सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा. सुरंगी म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचं पिवळं फूल, वास असा की माळणारी बाई वळणावर दिसायच्या आधी कळते. काउंटरवर पिशवी आपटली आणि म्हणाल्या, "काय सांगू तुका फिलू. सकाळी चाय देवक गेलंय तर म्हणता, आज सुरंगी माळलंस? गो, लग्न होवन आल्यापासून दर फाल्गुनात माळतंय. आज इचारता."

रागावल्या होत्या. खरंच रागावल्या होत्या. मग पिशवीतून एक गजरा काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, हे म्हणतात, उद्या पण माळ.

तर असं आहे. आता मी दुकानात रोज जात नाही, गुडघे ऐकत नाहीत. मालकांचा मुलगा बघतो सगळं. गिऱ्हाईक मोबाईलवर चित्र दाखवतं, तो बाटली काढून देतो, दोघांचा एक शब्द खर्च होत नाही. पण मी घरीच असते, देवळाच्या मागच्या पाणंदीला, तिसरं कौलारू घर, दारात फणस. आतापर्यंत अंकातून भेटलो, आता खरोखर एकदा याच. खिशातली बाटली बरोबर आणलीत तरी चालेल, आपण डॉक्टरांना दाखवू आणि आधी कुठली ते ठरवू. पेजेला बोलावते, वर तळलेला बांगडा. आणि फार उशीर लावू नका. नाक मोकळं व्हायला वेळ लागतो आणि सुरंगीचा बहर थोडे दिवसच असतो.